गोळ्यांचा उपास

चामराजपुरम, मैसूर
ता. ९ फेब्रुवारी २०२५, रविवार

ति. अण्णास,

नागीचा नमस्कार, वहिनीलाही सांग. आम्ही इकडे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. पुढं ‘तुम्हीही खुशाल असाल’ असं लिहायचं असतं. पण तुम्ही आहात की नाही हे गेली नऊ वर्षं मला कोणी कळवलेलं नाही, तेव्हा ते वाक्य कोरं सोडते. तूच भर.

माझं अक्षर बघितलं असतंस तर पत्र न फोडता शिलाई मशीनच्या खणात टाकलं असतंस. म्हणून पाकिटावरचा पत्ता ह्यांच्याकडून लिहून घेतला. फसलास ना? आता फोडलंच आहेस तर वाच. फोन करून बघितला, पण फोन वहिनी उचलते, ‘ते बाहेर गेलेत’ म्हणते आणि मागून तुझं खोकणं ऐकू येतं. बाहेर गेलेला माणूस इतकं जवळून खोकत नाही रे.

घाबरू नकोस, ह्या पत्रात भांडण नाही. पैसे वाचवायची गोष्ट आहे. आता नीट बसलास ना? मला ठाऊक आहे. तुला देवाचं बोलावणं आलं तरी तू आधी विचारशील, जायचा खर्च कोणाचा.

तर ऐक. दोन वर्षांपूर्वी माझ्या रक्तात कोलेस्टेरॉल निघालं. डॉक्टरीणबाईंनी रोज रात्रीची एक गोळी लिहून दिली. जन्मभर, म्हणाल्या. मी कोपऱ्यावरच्या मोठ्या मेडिकलमध्ये गेले, चकचकीत पाकीट घेतलं, आणि बिल बघून तिथल्या तिथं माझा बीपी वाढला. अय्यो, एवढ्या पैशात दोन ब्लाऊजपीस येतात! जन्मभर म्हणजे किती ब्लाऊजपीस, याचा हिशोब मी घरी येईपर्यंत करत होते.

पुढं कळलं की गोळीला दोन नावं असतात. एक कंपनीनं ठेवलेलं, एक तिचं खरं. खरं नाव ॲटोर्व्हास्टॅटिन, म्हणायच्या आधी जिभेला इस्त्री करावी लागते. डॉक्टरीणबाईंकडून चिठ्ठीवर ते खरं नाव लिहून घ्यायचं आणि जनौषधी केंद्रात जायचं. तीच गोळी, तेवढ्याच ताकदीची, आणि किंमत पूर्वीच्या चौथ्या हिश्शाएवढीसुद्धा नाही. तुला शिंप्याच्या भाषेत सांगते. कापड एकाच ताग्यातलं, एकाला मोठ्या दुकानाचं लेबल, एकाला नाही, अष्टे, एवढंच. अंगात घातल्यावर लेबल कोणाला दिसतं?

दुसरं, दर महिन्याला चिठ्ठीसाठी डॉक्टरकडे फी भरत बसायचं नाही. तब्येत स्थिर असेल तर तीन महिन्यांची चिठ्ठी द्या म्हणायचं, देतात. तिसरं, पाकिटावरची तारीख बघून घ्यायची. चौथं, सकाळी कुक्करहळ्ळी तळ्याभोवती चालायचं. ते फुकट आहे. मी जाते, हे पण येतात, म्हणजे येतात आणि बाकावर बसतात.

गोळी कापायचाही एक उपाय आहे. मोठ्या ताकदीची घ्यायची आणि दोन तुकडे करायचे, म्हणजे मोठ्या पन्ह्याच्या कापडातून दोन पोलकी काढल्यासारखं. पण तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नकोस, सगळ्या गोळ्या कापायच्या नसतात. मी विचारलं होतं. फक्त कशानं कापायची ते विचारलं नाही. आपल्या अप्पांची कापड कापायची मोठी कात्री घेतली. (हो, ती माझ्याकडेच आहे, विषय बदलू नकोस.) गोळी धरली, कात्री दाबली आणि अर्धी गोळी टुणकन उडाली ती ह्यांच्या अवलक्कीच्या, म्हणजे पोह्यांच्या ताटलीत. हे पेपर वाचत खात होते. कुडुम् वाजलं. म्हणाले, ‘शेंगदाणा कडू निघाला गं.’ नंतर कळल्यावर दिवसभर माझ्यामागून फिरत होते, ‘मला काही होणार नाही ना?’ म्हणून. त्यांच्या कोलेस्टेरॉलला काही झालं नाही, माझी अर्धी गोळी मात्र गेली. आता प्लॅस्टिकची डबी आणली आहे, आत पातं असतं.

आणखी एक उपाय होता, त्यात सगळ्यांत जास्त वाचत होतं. पण तो मी बंद केला. तो लिहीत नाही.

अक्षर वाकडं आलं असेल तर उजव्या मनगटाला जरा लागलं होतं म्हणून. आता बरं आहे. मधे चार दिवस घरीही नव्हते, ते राहू दे.

काल एकादशी होती. मी उपास केला नाही. हे वाचून तू खुर्चीतून उठला असशील, कारण आईच्या हाताखाली वाढलेल्या आपल्या दोघांना एकादशीला भात म्हणजे काय ते ठाऊक नाही. पण काल मी सकाळी दोन इडल्या खाल्ल्या, दुपारी सारभात खाल्ला, आणि विठ्ठलाला नमस्कार करून सांगितलं की कारण तुला ठाऊक आहे. तोंडावरून तरी त्याला राग आलेला दिसला नाही.

आता मुख्य गोष्ट. येत्या तेवीस तारखेला, रविवारी, आपल्या समाजाच्या विठ्ठल मंदिरात रक्ततपासणी आहे. फुकट. अण्णा, फुकट. साखर, कोलेस्टेरॉल, सगळं. बाहेर ह्याच तपासणीचे किती घेतात ते विचारून बघ. नुसतं उपाशीपोटी यायचं, आणि उपाशी राहायला तर आपल्याला कोणी शिकवायला नको. वहिनीलाही आण. बायकांना सरकारी बस फुकट आहे, म्हणजे निम्मा प्रवास तिथंच वाचला. मी तुझं नाव घालून ठेवते.

सुम्ने, उगाच लिहिते असं समजू नकोस. ये.

तुझी,
नागी


चामराजपुरम, मैसूर
ता. २७ फेब्रुवारी २०२५, गुरुवार

अण्णा,

नमस्कार. ह्या वेळी पाकिटावर पत्ता मीच लिहिला आहे. टाकायचं तर टाक खणात.

तुझं कार्ड पोचलं. नऊ वर्षांनी भावाचं अक्षर आलं म्हणून मी पोस्टमनला उंबऱ्यावरच थांबवून वाचून दाखवलं. मग वाटलं, नसतं वाचलं तर बरं होतं. तुझं कार्ड मला आता पाठ आहे: ‘नागी, पत्र पोचलं. मी काटकुळा आहे. काटकुळ्याला कोलेस्टेरॉल नसतं. म्हणून माझे गोळ्यांचे सगळेच पैसे वाचतात, तुझ्यापेक्षा जास्त. रविवारी शाळेच्या युनिफॉर्मची ऑर्डर आहे, येणार नाही. तुझ्या वहिनीचा ब्लाऊज अजून घट्ट आहे. रणोजी.’

पोस्टमन म्हणाला, ‘अम्मा, ह्यात ब्लाऊजचं काय?’ आता मी त्याला काय सांगू?

कार्ड आलं चोवीस तारखेला, म्हणजे एक दिवस उशिरा. तेवीसला मी सकाळी सात वाजल्यापासून मंदिराच्या पायरीवर बसले होते. तुझा नंबर अकरावा लावला होता. तुझ्या गावची, एच. डी. कोट्याची पहिली बस किती वाजता पोचते ते मी आदल्या दिवशी स्टँडवर जाऊन विचारून आले होते. ‘नंबर अकरा, रणोजीराव,’ अशी हाक आली. मी उठून म्हटलं, ‘येतोय, वाटेत आहे.’ पुन्हा हाक आली, मी पुन्हा तेच म्हटलं. तिसऱ्या वेळी समितीचे नरसिंहमूर्ती म्हणाले, ‘नागरत्नाबाई, तुमचा भाऊ वाटेत आहे की काशीला निघालाय?’ सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन रडले. हे आजवर ह्यांनासुद्धा सांगितलेलं नाही.

आता पहिल्या पत्रात जे गाळलं होतं ते लिहिते. मधे बोलू नकोस.

तो जास्त पैसे वाचवणारा उपाय म्हणजे उपास. म्हणजे कसं, गोळी तेला-तुपाची आहे ना, तेल-तूप अंगात साचू नये म्हणून घ्यायची. मग ज्या दिवशी आपण जेवतच नाही त्या दिवशी ती कशाला? आणि गोळीत कसलं पीठ घालतात कोणास ठाऊक, उपासाला चालेल की नाही? म्हणून एकादशीला गोळी बंद. महिन्याच्या दोन वाचल्या. मला इतका आनंद झाला की मी संकष्टी धरली. मग सोमवार धरला. मग गुरुवार. मग शनिवार, कारण हनुमंतानं काय घोडं मारलंय? दीड-दोन वर्षांत मी अशी काही धार्मिक झाले की शेजारच्या मालतीबाई माझ्या पाया पडायला लागल्या. महिन्याचं पाकीट मला दोन महिने पुरायचं. मी ह्यांना सांगायचे, ‘बघा, पुण्यही मिळतं आणि पैसेही वाचतात.’

आणि उपासाला मी खात काय होते, ते तुला सांगायला नको. आईचीच खिचडी. साबूदाणा कमी, दाण्याचं कूट जास्त, वर चमचाभर तूप, बाजूला तळलेल्या बटाट्याच्या काचऱ्या.

संक्रांतीच्या तिसऱ्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजला हूक लावत बसले होते. छातीत कोणीतरी पाटा ठेवल्यासारखं झालं. मला वाटलं गॅस. संक्रांतीचं एळ्ळु-बेल्ल, तीळगूळ, जास्त खाल्लं होतं. मी जिऱ्याचं पाणी प्यायले आणि उरलेले दोन हूक लावले, कारण ब्लाऊज संध्याकाळी द्यायचा होता. हूक वाकडे लागले, अण्णा. त्यावरून ह्यांनी ओळखलं. म्हणाले, ‘तुझा हूक कधी वाकडा लागत नाही, उठ.’ रिक्षात घालून थेट दवाखान्यात नेलं. नस नव्वद टक्के बंद होती. मनगटातून तार घालून स्टेंट बसवला. ते मनगट म्हणजे हे. चार दिवस घरी नव्हते ते म्हणजे तिथं होते.

आता जिवाला धोका नाही. वहिनीला सांग, आणि तिला रडू देऊ नकोस.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मधुमिता आल्या. आमच्या धाकट्या अमूल्याच्या वयाची पोर, पण नजर आईसारखी. विचारलं, गोळी रोज घेत होता का? मी सगळं उपासपुराण सांगितलं. ती ऐकता ऐकता खुर्चीवर बसली. मग विचारलं, उपासाला काय खाता? मी खिचडी सांगितली, कृतीसकट. तिनं चष्मा काढला. म्हणाली, ‘अम्मा, विठ्ठल हेळिद्ना, ट्याब्लेट बेडा अंत?’ गोळी नको असं विठ्ठलानं सांगितलं का, म्हणे. मी म्हटलं, नाही, तो काही बोलला नाही, मीच ठरवलं. मग तिनं सांगितलं की गोळी जेवणातल्या तुपाची नसतेच. कोलेस्टेरॉल आपलं अंग स्वतः तयार करतं, उपासाच्या दिवशीही, म्हणून एक दिवस चुकवायची नाही. गोळीचे जेवढे वाचवले ते सगळे तिथल्या पहिल्या दिवसाच्या बिलात गेले. उरलेल्या तीन दिवसांचं मी बोलत नाही.

आणि आता जे लिहिते ते ह्या दोन्ही पत्रांचं कारण आहे. पहिल्या पत्रात गोळ्यांच्या किमती लिहीत बसले ते हे लिहायचं धाडस होत नव्हतं म्हणून.

तिनं फॉर्म भरला. विचारलं, वडील? मी म्हटलं, एक्कावन्नाव्या वर्षी दुकानात कापता कापता गेले, हातात कात्री होती. काका? चोपन्न, लग्नाच्या पंगतीत. ती लिहीत होती. मग विचारलं, भाऊ-बहीण?

मी म्हटलं, ‘यारू इल्ल.’

कोणी नाही म्हटलं, अण्णा. जिवंत भाऊ पन्नास किलोमीटरवर बसलेला असताना. हे उशाशी थर्मास घेऊन उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि थर्मासचं झाकण उगाच घट्ट केलं. आणि ती पोर लिहिता लिहिता म्हणाली, ‘नाहीत ते एक बरं, अम्मा. असते तर त्यांना आजच बोलावून घेतलं असतं. तुमच्या घराच्या रक्तातच आहे हे. माणूस जाडा असो की बारीक.’

बारीक, अण्णा. तिनं ‘बारीक’ म्हटलं. मी काही सांगितलं नव्हतं. अप्पा तरी कुठं जाडे होते? अंगातला शर्ट वाऱ्यानं हलायचा. तू त्यांच्यासारखाच आहेस. चालायला तसा, खोकायला तसा, हट्टाला तर दुप्पट. म्हणून तुझं ते ‘मी काटकुळा आहे’ वाचून मी हे पत्र लिहायला बसले.

आता तो ब्लाऊज.

माझ्या लेकीच्या, सुप्रीताच्या लग्नात अक्षतांच्या वेळी वहिनीच्या वांगी रंगाच्या ब्लाऊजचा हूक तुटला, आणि मी चारचौघांत म्हटलं, ‘ब्लाऊज आटला नाही, वहिनी वाढली.’ तू म्हणालास, ‘अप्पांच्या घरात माप चुकवणारं कोणी नव्हतं, तू पहिली.’ आणि चिरोट्याचं पान तसंच सोडून वहिनीला घेऊन निघून गेलास. शिंप्याच्या पोरीला ह्यापेक्षा मोठी शिवी नाही. मी नऊ वर्षं तीच धरून बसले.

ऐक. मी माप घेतलंच नव्हतं. लग्नाची गर्दी, चाळीस ब्लाऊज शिवायचे, वहिनी कोट्याहून दोनदा येऊन गेली आणि दोन्ही वेळा मी म्हटलं, ‘तुझं माप माझ्या वहीत आहे गं.’ वहीतलं माप तेव्हाच अकरा वर्षं जुनं होतं. त्यावर कापलं. चूक माझी होती, वहिनी बिचारी जेवढी असायला हवी तेवढीच होती. मला तिथंच, अक्षता हातात असतानाच कळलं होतं. पण लोकांसमोर तोंड वाचवायला तिच्या अंगावर घातलं. वहिनी, तूही हे वाचत असशील. मला माफ कर. तुझ्या डोळ्यात तेव्हा पाणी आलेलं मी बघितलं होतं आणि न बघितल्यासारखं केलं.

तू चांगला शिंपी आहेस, अण्णा, माझ्यापेक्षा चांगला. जुन्या मापावर कधी कापलं नाहीस. गिऱ्हाईक म्हणालं, ‘माझं माप तेच आहे,’ तरी तू टेप काढतोस. मग स्वतःचं माप न घेता ‘मी काटकुळा’ म्हणून कसा मोकळा झालास? काढ ना टेप. एकदा रक्त दे. काही निघालं नाही तर मी तुझ्या दारात येऊन, युनिफॉर्म शिवणाऱ्या तुझ्या चारी माणसांसमोर म्हणेन की अण्णा बरोबर, नागी चुकली. आणि निघालं, तर रोज एक गोळी. स्वस्त कुठं मिळते ते मी तुला पहिल्या पत्रातच लिहिलंय.

येत्या मंगळवारी, चार तारखेला, सकाळी दहाला मला डॉक्टर मधुमितांकडे दाखवायला जायचं आहे. तो फॉर्म त्यांच्यासमोर असेल. मी सांगणार आहे, ‘भाऊ नाही’ लिहिलंय ते खोडा, मी खोटं बोलले होते. ती विचारेल, मग कुठं आहे भाऊ? तेव्हा तू बाकावर शेजारी बसलेला असलास तर मला नुसतं बोट दाखवता येईल. नसलास, तर मी तिथूनच स्टँडवर जाईन आणि कोट्याच्या बसमध्ये बसेन. मला बस फुकट आहे, लक्षात ठेव. रोज येऊ शकते, आणि जेवायलाही थांबेन.

तुझा खर्च वाचवायचा असेल तर तूच ये. सोमवारी रात्री दहानंतर काही खाऊ नकोस. तेवढा एकच उपास आता मला मान्य आहे.

तू आहेस असं सगळ्यांना सांगायला निघालेली,
तुझी बहीण
नागी

ता. क. वहिनीला म्हणावं, येताना तो वांगी ब्लाऊज आण. माप घेतलं नव्हतं म्हणून मनात धाकधूक होती, तेव्हा दोन्ही बाजूंच्या शिवणीत मी बोटभर कापड आत सोडून ठेवलं होतं. ते अजून तिथंच असेल. उसवून सैल करायला दहा मिनिटं लागतात.